सात जणांत एकापुढे घेतलेला पदर

प्रिय मीनाचे बाबा,

परवा निकाल लागला. तुमचा दादा निर्दोष सुटला.

हे तुम्हाला कोणी तरी सांगायला पाहिजे, म्हणून लिहायला बसले. कोर्टाच्या कागदांत तुम्हाला पहिल्यापासून ‘मयत’ म्हणतात, आणि मयताला निकालाची नक्कल द्यायची पद्धत नाही. मला मिळाली ती. मला वाचता येतं, अंगणवाडीचं रजिस्टर मीच लिहिते, पण दुसऱ्याच पानावर अक्षरं हलायला लागली, म्हणून पोरीच्या हातात दिली. मीना आता सोळा वर्षांची आहे. तुम्हाला नेलं तेव्हा तीन वर्षांची होती, खळ्यावर धानाच्या राशीत पाय खुपसून बसली होती.

सगळं वाचून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, “माय, तू जेलातल्या ओळख परेडमधी त्याले हात काऊन नाई लावला?”

काय सांगणार तिला? भासरा म्हणजे काय हेच तिला धड माहीत नाही. तुमच्यानंतर मी तिला घेऊन पोंभुर्ण्याला माहेरी आले, तिथेच ती वाढली. सासरची रीतभात तिने पाहिलीच नाही. तुम्ही असतात तर मला एक वाक्यसुद्धा बोलावं लागलं नसतं. म्हणून आधी तुम्हाला सांगते, मग जमलं तर तिला सांगेन.

आठवतं का, लग्न होऊन मी तुमच्या गावी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुमच्या मायने मला बजावलं होतं? “थो तुया भासरा हाय. त्याच्यासमोर याचं नाई, त्याचं नाव घ्याचं नाई, त्याले शिवाचं नाई. वाटेत आला तं पदर घेऊन बाजूले व्हाचं.” तुमच्या काकांचा तो मुलगा. लहानपणी आईबाप गेले म्हणून तुमच्या मायच्याच ताटात जेवून मोठा झालेला, तुमच्याहून पाच वर्षांनी वडील. तुम्ही त्याला दादा म्हणायचात, म्हणून तो माझा भासरा. तो ओसरीवर बसला असला की मी पाण्याची गुंडी घेऊन परसातून, गोठ्यातून वळसा घालून मागच्या दाराने चुलीपाशी पोचायची. तुम्ही हसायचात. “तुले त्याच्यापासून पळाले घराले आणखी दोन दारं पाडा लागतीन,” म्हणायचात.

आणि तो तरी काय कमी होता? त्यालाही माझ्याशी बोलायची सोय नव्हती, पण भूक तर लागायचीच. मग तो बैलाला विचारायचा. “काऊन रे बैला, आज घरी लाखोरीचं वरण हाय का नाई?” मी आतून पळी वाजवली की वरण आहे असं समजायचं. मीना झाली आणि बैलाची सुटका झाली. तीन महिन्यांच्या पोरीला तो म्हणायचा, “मीना, तुया मायले सांग, विळ्याले धार लावून ठेवली.” तुम्ही पोट धरून हसायचात, आणि खरं सांगते, पदराआड मीही हसायची.

एका घरात राहून मी त्याचा चेहरा कधी पूर्ण पाहिला नाही. पाय पाहिले. मान खाली घालून वावरणाऱ्या बाईला माणसं पायांवरूनच कळतात. उभा राहिला की तो उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायावर ठेवायचा. खोकला आला की आधी पाय बदलायचा, मग खोकायचा. तुमचे पाय ओळखायला मला वर्ष लागलं, त्याचे महिन्याभरात ओळखू यायला लागले, कारण तेच टाळायचे होते.

मग एका उन्हाळ्यात तो तेंदूपत्ता तोडायला गेला आणि परत आला नाही. बंदुका घेऊन जंगलात फिरणाऱ्यांच्या दलममध्ये गेला. गावाला कळलं, आपल्यालाही कळलं, आणि कोणी त्यावर बोललं नाही. तुमची माय मात्र त्याचं ताट रोज घासून पालथं घालून ठेवायची.

दोन वर्षांनी, धानकापणीच्या दिवसांत, पोलीस आले. डोंगरामागची वाट दाखव म्हणाले. तुम्ही नाही म्हणालात. दोनदा नाही म्हणालात, मी दारातून ऐकलं. तिसऱ्यांदा नाही म्हणायची मुभा नव्हती. तुम्हाला पुढे घातलं, वाटेत सुरुंग असला तर पहिला पाय तुमचा पडावा म्हणून. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाडीतून आणून गावाच्या मधोमध सोडलं आणि साहेबाने सगळ्यांच्या देखत तुमच्या पाठीवर थाप मारली. तुम्ही घरी येऊन मला ती थाप करून दाखवलीत, साहेबाच्या आवाजात. दंडारीत सोंगं घेणारा माणूस, तुम्हाला कशाचंही नाटक करता यायचं. त्या दिवशी मला हसू आलं नाही. त्या थापेने तुम्हाला खबऱ्या करून टाकलं होतं आणि ते तुम्हालाही कळलं होतं.

वीस-एक दिवसांनी दलमवाले आले. खळ्यावर मळणी चालली होती, गावातली दहा माणसं होती. पाच-सहा जण, दुपट्ट्यांनी तोंडं बांधलेली. बैलाच्या दाव्याने तुमचे हात मागे बांधले. एकाने कागदावरून वाचून दाखवलं की तुम्ही खबर दिली आणि त्याची शिक्षा काय. तुम्ही बोलत होतात. तुमच्या सवयीने भडाभडा बोलत होतात. “मले जबरदस्तीनं नेलं जी. गावाले इचारा. मी कोणाचं नाव नाई सांगतलं, लेकराची शपथ...” तेवढ्यात कडेला उभा असलेला एक जण पुढे आला. मी मीनाला उचलायला वाकले होते, म्हणून मला त्याचे पायच दिसले. बूट होते. उजवा बूट डाव्या बुटावर चढला.

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. पदर नाकापर्यंत ओढला आणि मी अंग चोरून बाजूला वळले. तुम्हाला मारायला आलेल्या माणसाचा मी भासरा म्हणून मान राखला!

आणि तुम्ही ते पाहिलंत. पदराच्या काठाखालून मी बघत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग त्याच्याकडे, आणि बोलणं अर्ध्यात टाकून गप्प झालात. सोंग विसरला तरी मनचं काही तरी बोलून वेळ मारून नेणारा माणूस, पुढे एक शब्द नाही. तुम्हाला बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या, पलीकडे नेलं. दोन आवाज आले.

काऊन गप्प झालात? तेरा वर्षं मी हेच विचारते आहे. एकदा ‘दादा’ म्हणून हाक मारली असती तर? कदाचित त्याचा हात मागे आला असता. कदाचित त्याच्या लोकांनी त्यालाही तुमच्या शेजारी बसवलं असतं, भावाला पाठीशी घालतो म्हणून. हाच विचार केलात ना? मरतानाही त्यालाच वाचवलंत. मग माझा विचार कधी केलात, मीनाचा कधी केलात? आता आपल्या खटल्यातल्या सरकारी वकीलबाई सांगतात की मरणाऱ्याने शेवटी घेतलेलं नाव कोर्ट फार मानतं. तुमची एक हाक त्या दहा माणसांच्या कानावर पडली असती. माझ्या पदराने तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही ते पोटात घेऊन गेलात.

अर्थात, मी तरी कोणत्या तोंडाने बोलते? ठाण्यात फिर्याद द्यायला निघाले तेव्हा तुमच्या मायने दारात माझे पाय धरले. सासूने सुनेचे पाय धरावेत असा तो दिवस होता. “एक लेक गेला माया. दुसऱ्याचं नाव नको घेऊ बाई.” मी ठाण्यात जाऊन ‘तोंड बांधलेले अनोळखी इसम’ असं लिहून दिलं आणि खाली सही केली. माय गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिच्यावर राग धरवत नाही. माझ्यावर धरवतो.

मग जंगल हळूहळू शांत होत गेलं. आता तिकडे गेलात तर तुम्हाला गाव ओळखू येणार नाही. डांबरी रस्ता झाला, टॉवर लागला, लोखंडाच्या दगडांचे ट्रक दिवसभर धूळ उडवत जातात. ज्या वाटेवर तुम्हाला पुढे घातलं होतं तिथून शाळेची बस जाते. आणि एक दिवस पेपरात तुमच्या दादाचा फोटो आला, खाली नाव, तोंड दुपट्ट्याने बांधलेलं, हत्यार खाली ठेवून साहेबांच्या हातून फुलं घेताना. आत्मसमर्पण. त्याच्याच दलममधून आधी बाहेर आलेल्या एकाने सांगून ठेवलं होतं की तुमच्या वेळी हा होता. त्यावरून आपली जुनी फाइल निघाली. पुढे त्या माणसाने कोर्टात हात वर केले, मी असं बोललोच नाही म्हणाला. राहिले मी एकटी.

तारखेला कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलो की सरकारी वकीलबाई मला कायदा समजावून सांगायच्या. वयाने लहान, नागभीडकडच्या, बोलायला साध्या. एकदा मी विचारलं, “बाई, ही लढाई होती का?”

“कागदावर नाही,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या देशांत लढाई संपली की कधी कधी त्यासाठी वेगळं कोर्ट बसते. हात बांधलेल्या माणसाला मारलं, गावकऱ्याला सुरुंगावर चालवलं, तर तो युद्धातला गुन्हा. कितीही वर्षं झाली तरी खटला चालते, अन् हुकूम देणारा पण त्यात येते. पण आधी ही लढाई होती असं मानावं लागते. आपल्याकडे कोणी मानत नाही. मानलं तं समोरच्याले पण लढणारा म्हणून मानावं लागीन.”

“मग आपलं काय?”

“आपला साधा खून. आरोपी एक, साक्षीदार तुम्ही.”

साधा खून. डोक्यावर हेलिकॉप्टर फिरत होतं, गावागावात वाळूच्या पोत्यांचे कॅम्प होते, दोन्हीकडची पोरं ताडपत्रीत गुंडाळून नेत होते, आणि तुमचं मरण म्हणजे धुऱ्या-बांधावरून दोन शेतकऱ्यांची झालेली मारामारी. मी त्या दिवशी फार चिडले, पण चिडायचं कोणावर? वकीलबाईंनी काही कायदा केला नव्हता.

हुकूम देणारा दलमचा कमांडर चकमकीत मेला, म्हणजे त्याच्यावर खटला नाही. हुकूम पाळणारा म्हणतो, मी तिथे नव्हतोच. आणि तुम्हाला पुढे घालून नेणारा? हे मी विचारलं तेव्हा वकीलबाईंनी पाण्याची बाटली उघडली आणि उगाच दोन घोट घेतले. “त्याची तं फिर्यादच नाई न जी,” म्हणाल्या. खरं आहे. मी दिली नाही. कोणाकडे देणार होते?

शरण आल्याने खून माफ होत नाही, असंही त्यांनी सांगितलं. पण पहिल्या आलेल्याला जन्मठेप झाली तर जंगलातून दुसरा बाहेर येईल का, हेही त्यांनीच विचारलं. मी त्याचं उत्तर शोधत पोंभुर्ण्यापर्यंत बसमध्ये बसले, मिळालं नाही. खोटं कशाला बोलू, जंगल शांत झालं ह्याचं मला बरं वाटतं. बोडीपलीकडे बाया पुन्हा मोहफुलं वेचायला जातात. तुमच्या दादासारखे सुटले म्हणून बाकीची पोरं जिवंत घरी आली असतील, तर त्यांच्या मायांसमोर मी काय बोलू? फक्त एवढंच वाटतं की हा सौदा करताना मला एकदा विचारायला पाहिजे होतं. माणूस माझा होता.

आता परेडचं सांगते.

जेलमध्ये नेऊन तपास करणाऱ्या साहेबाने मला तीनदा बजावलं. तोंडातून शब्द काढायचा नाही, नाव घ्यायचं नाही, खूण करायची नाही. ओळखला की खांद्याला हात लावायचा, बस. साहेब नवा होता, त्याला एवढंच ठाऊक की फिर्यादीत अनोळखी लिहिलंय, म्हणजे ओळख परेड घ्यायची. सात माणसं रांगेत उभी, सारखे कपडे, सगळे अनवाणी. परेड घेणारा अधिकारी टेबलाशी बसला होता. मी खाली बघत चालले तर तो म्हणाला, “बाई, पाय काय बघता, तोंडं बघा.” तोंडं बघून मला काय कळणार होतं?

पाचव्यापाशी उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायावर होता.

आणि पुन्हा तेच. पदर नाकापर्यंत, अंग बाजूला. आधीच्या चौघांपुढून मी उघड्या तोंडाने चालत आले होते. आणि अहो, तोही खाली मान घालून अर्धं पाऊल मागे सरकला, सून वाटेत आली की भासरा सरकतो तसा. आपल्या गावचं शेंबडं पोरगंही तिथे असतं तर म्हणालं असतं, हा हिचा भासरा. ह्याहून मोठी ओळख कोणती असते? तरी मला हात लावायचा होता. मी दोनदा हात उचलला, शपथ घेते. तो पदरापर्यंत जात होता आणि तिथून पुढे जात नव्हता. पाच वर्षं घरात आणि त्यानंतर मनात जे पाळलं, ते जेलच्या त्या अंगणात एका मिनिटात मोडायला मला जमलं नाही.

अधिकाऱ्याने लिहिलं, ‘साक्षीदाराने कोणासही ओळखले नाही.’ मी त्याखाली सही केली. मला वाटलं, पदराचं त्याने वेगळं लिहिलं असेल. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं.

कोर्टात मात्र मी बोट दाखवलं. लांबून दाखवायचं होतं, ते जमलं. मग त्याचा वकील उभा राहिला. परेडमध्ये तुम्ही कोणालाही हात लावला नाही, हे खरं का, हो की नाही तेवढंच सांगा. हो. फिर्यादीत नाव घेतलं नाही, खरं का? हो. आरोपी तुमच्याच घरातला. ओळखला होता तर नाव का घेतलं नाही, आणि ओळखला नव्हता तर आज कसा ओळखता? “बरं, त्याचा चेहरा आयुष्यात कधी नीट पाहिला होता तुम्ही?”

“नाई.”

मागे कोणी तरी हसलं. अहो, मी शपथेवर एकही खोटं बोलले नाही आणि माझ्या खऱ्या उत्तरांवरच तो सुटला. निकालात लिहिलंय, संशयाचा फायदा.

परवा निकालानंतर वकीलबाई माझ्यासोबत बाहेर आल्या. “एक विचारू? इतकी खात्री होती, मग परेडमधी झालं काय होतं?” मी त्यांना पदराचं सांगितलं, पायाचं सांगितलं. त्या काळ्या कोटासकट पायरीवरच बसल्या.

“हे तुम्ही मले आधी काऊन नाई सांगतलं?”

“कोणी इचारलंच नाई न बाई.”

कोणीच विचारलं नव्हतं. हात लावला का, नाव घेतलं का, चेहरा पाहिला का, एवढंच विचारत राहिले. पदर का घेतलास, हे मला ह्या सगळ्या वर्षांत एकाही माणसाने विचारलं नाही. आणि मीही कशी खुळी! जे तुम्हाला खळ्यावर एका नजरेत कळलं, ते सगळ्या जगाला कळत असेल असं धरून चालले.

वकीलबाई कागद आणायला आत गेल्या. मी आणि मीना व्हरांड्यात भिंतीशी उभ्या होतो. तेवढ्यात तो बाहेर आला. त्याचा वकील पुढे निघून गेला होता. माझा हात गेला. निकालानंतरसुद्धा गेला, अहो. पदर पुढे आला आणि मला स्वतःची इतकी किळस आली की सांगता येत नाही.

तो थांबला. तोंड भिंतीकडे केलं, आणि पूर्वी बैलाला सांगायचा तसं भिंतीला म्हणाला, “मीना, तुया मायले सांग. त्यानं मले हाक नाई मारली. मारली असती तं...”

पुढचं आलं नाही. पाय बदलला आणि खोकला.

हा म्हातारा भिंतीशी बोलतो कशाला, हेच मीनाला कळेना. मला कळलं. तुमच्या हाकेची तोही तेरा वर्षं वाट बघत बसलाय, माझ्यासारखाच. मला वाटलं, त्याचं हे अर्धं वाक्य ऐकून माझ्या जिवाला जरा तरी थंडावा मिळेल. काही मिळालं नाही. उलट वाटलं, ह्याला एवढं आठवतं आणि हा कोर्टात मान खाली घालून म्हणाला, मी तिथे नव्हतो.

मी पदर खाली ओढला. डोक्यावरून पार खांद्यावर. आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं, जन्मात पहिल्यांदा. दाढी पांढरी, गाल बसलेले, आणि नाक तुमचं. हुबेहूब तुमचं नाक. हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. क्षणभर मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण मी हात उचलला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. “हाच होय,” म्हटलं, मोठ्याने. शिपाई होता, दोन वकील होते, चहावाला केटली घेऊन उभा होता. सगळ्यांनी पाहिलं.

शिपाई म्हणाला, “बाई, झालं न आता. निकाल लागला.”

माझा हात खांद्यावर होता तोवर तो हललाही नाही. मग जिना उतरून गेला.

वकीलबाईंना आम्ही भिंतीचं सांगितलं. एका खुनातून सुटलेल्यावर त्याच खुनाचा दुसरा खटला होत नाही, त्या म्हणाल्या. अपील होतं. मयताच्या बायकोलाही करता येतं. पण वरचं कोर्ट कागद बघतं, नवी साक्ष क्वचितच ऐकतं, आणि भिंतीला म्हटलेल्या अर्ध्या वाक्याचं तिथे काय होईल ते सांगता येत नाही. “मी सांगीन न कोर्टात,” मीना म्हणाली. वकीलबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण हो म्हणाल्या नाहीत.

मला आशा नाही. तुम्हाला खोटी आशा दाखवून पत्र संपवायचं नाही. तो गावी जाईल, आपल्याच ओसरीवर बसेल. उद्या मीनाचं लग्न निघालं तर घरातला वडील माणूस म्हणून लोक त्यालाच विचारायला जातील, आणि कायद्याने तो निर्दोष आहे, त्याला कोण काय म्हणणार? मी थकले आहे. कधी कधी मला तुमचा चेहरा आठवायला वेळ लागतो, आणि आता तर आठवला की मध्ये त्याचं नाक येतं. हे एक नवं दुःख परवापासून माझ्या नशिबी आलं.

तरी एक वचन देते. अपील करीन. त्या अर्जात पहिल्या ओळीला पदराचं लिहून घेईन, कोणी विचारो न विचारो, वरचे लोक हसोत की अर्ज फेकून देवोत. आणि त्या माणसापुढे माझ्या डोक्यावर आता कधी पदर येणार नाही. त्याचं नाव घेईन. हे बघा, घेते. सदाशिव. लिहिताना पेन अडखळला, पण लिहिलं. गावात घेईन, कोर्टात घेईन, मीनाच्या मांडवात आला तर तिथेही सगळ्यांसमोर घेईन.

तुमचं नाव मात्र घेणार नाही. कोर्टात कारकून मयताचं नाव विचारायचा तेव्हाही मी कागदावर बोट ठेवायची, तो वैतागायचा. वैतागू द्या. ती रीत कोणी माझ्यावर लादली नाही, माझ्या खुशीची आहे. सगळं मोडलं तरी तेवढी ठेवते.

तुम्ही हाक मारायचात तीच,
मीनाची माय